‘सेल्युलोजच तर आहे!’ : कमी तेलाच्या ड्रेसिंगमधलं नॅनोसेल्युलोज

हे प्रकरण एका नमुना उत्पादनावर बांधलं आहे. उत्पादक, पाककृती आणि खाण्याचं प्रमाण गणितासाठी गृहीत धरलं आहे. पदार्थाचे गुणधर्म, प्रसिद्ध प्रयोगांचे निष्कर्ष आणि नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

परिस्थिती

एका उत्पादकाला सॅलड ड्रेसिंगमधलं तेल ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणायचं आहे आणि ते युरोपीय संघात विकायचं आहे. तेल निम्मं केलं की ड्रेसिंग पातळ होतं, बाटलीत थर सुटतात आणि जिभेवरची स्निग्धता जाते. झँथन गमने दाटपणा येतो, पण प्रमाण वाढलं की ओतताना तार सुटते. म्हणून नॅनोसेल्युलोजचा विचार झाला. लाकडाच्या लगद्यातले तंतू उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून पुन्हापुन्हा काढले की ते उकलत जातात आणि वीस ते ऐंशी नॅनोमीटर रुंदीचे, पण लांबीला कित्येक मायक्रोमीटर असे फायब्रिल मिळतात. त्यांचं जेल ९८ टक्के पाणी असूनही घट्ट उभं राहतं. हलवलं की पातळ होतं, ठेवलं की पुन्हा आवळतं. शिवाय फायब्रिल तेलाच्या थेंबांवर जाळीसारखे बसतात आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत.

पाककृतीत ०.८ टक्के कोरडं सेल्युलोज हवं आहे. म्हणजे १०० किलोच्या बॅचला २ टक्क्यांचं जेल ४० किलो. त्या ४० किलोंत सेल्युलोज फक्त ८०० ग्रॅम, बाकी ३९.२ किलो पाणी आणि त्या पाण्यात जे काही असेल ते. हा आकडा पुढे कामाला येईल.

सुरक्षिततेच्या फाइलचा पहिला मसुदा अर्ध्या पानाचा होता. घटक सेल्युलोज, क्रमांक ई-४६०, कित्येक दशकं वापरात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफ्साने, २०१८च्या फेरमूल्यांकनात सेल्युलोजसाठी रोजच्या सेवनाची आकड्यातली मर्यादा ठरवायची गरज नाही असं म्हटलं आहे. माणसाकडे सेल्युलोज पचवणारं एन्झाइम नाही, म्हणून ते आलं तसं बाहेर जातं. साध्या सेल्युलोजबद्दल यातलं बहुतेक खरं आहे. तरीही फाइल टिकत नाही.

नाव तेच, वस्तू दुसरी

ई-४६० मधल्या मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजच्या युरोपीय विनिर्देशात, म्हणजे पदार्थ कसा असावा याच्या अधिकृत अटींत, कणांच्या आकाराची अट आहे: कण ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान नसावेत, आणि त्याहून लहान कणांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ५ मायक्रोमीटर म्हणजे ५००० नॅनोमीटर. आपला फायब्रिल रुंदीला त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे. २०१८चं मूल्यांकन या विनिर्देशात बसणाऱ्या पदार्थाचं होतं. त्याची ढाल इथे चालत नाही.

नियमही हेच सांगतो. अन्नातल्या अ‍ॅडिटिव्हजच्या १३३३/२००८ या विनियमाचं कलम १२ स्पष्ट आहे: यादीत असलेल्या अ‍ॅडिटिव्हची उत्पादनपद्धत लक्षणीय बदलली किंवा नॅनोतंत्रामुळे कणांचा आकार बदलला, तर तो वेगळा अ‍ॅडिटिव्ह मानायचा आणि बाजारात आणण्याआधी यादीत नवी नोंद किंवा विनिर्देशात बदल करून घ्यायचा. लेबलच्या ११६९/२०११ या विनियमानुसार अभियांत्रिकी नॅनोघटकाच्या नावापुढे कंसात ‘नॅनो’ लिहावं लागतं. मसुद्याच्या लेबलवर नुसतं ‘सेल्युलोज’ होतं.

‘नॅनोसेल्युलोज’ हे नावही एका वस्तूचं नाही, आणि फाइलमधली निम्मी गडबड इथूनच सुरू होते. नुसत्या दाबाने उकललेल्या फायब्रिलच्या पृष्ठभागावर भार कमी असतो. टेम्पो नावाचा उत्प्रेरक, सोडियम ब्रोमाइड आणि हायपोक्लोराइट वापरून ऑक्सिडेशन केलं तर पृष्ठभागावर कार्बोक्झिल गट येतात, तंतू एकमेकांना ढकलतात आणि ३-४ नॅनोमीटर रुंदीपर्यंत सुटे होतात. सुमारे ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लात ४५ अंशांवर लगदा मुरवला तर तंतूंचे सैल भाग विरघळतात, आखूड सळ्यांसारखे क्रिस्टल उरतात आणि त्यांच्यावर सल्फेट गट चिकटलेले असतात. तीन पद्धती, तीन पृष्ठभाग, पोटात वागण्याच्या तीन तऱ्हा. एकाची चाचणी दुसऱ्याच्या नावावर लावायची असेल तर आधी दोघांची तुलना मोजून दाखवावी लागते.

या प्रकरणात तसंच झालं. मसुदा दाबाने उकललेल्या फायब्रिलसाठी लिहिला होता. मग खरेदी विभागाने दुसऱ्या पुरवठादाराचं टेम्पो-ऑक्सिडाइज्ड जेल सुचवलं, कारण निम्म्या मात्रेत तेवढाच दाटपणा मिळत होता. पाककृतीच्या दृष्टीने हा किरकोळ बदल होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने घटकच बदलला होता, आणि फाइलमध्ये त्याची एक ओळही नव्हती.

मोजमाप

सुरुवातीच्या अहवालात ‘सरासरी आकार २१० नॅनोमीटर’ असा एकच आकडा होता, प्रकाशाच्या विकिरणावरून काढलेला. ते यंत्र कण गोल आहे असं धरून हिशेब करतं. लांब, गुंतलेल्या तंतूंना हा हिशेब लागू पडत नाही. येणारा आकडा ना रुंदीचा असतो ना लांबीचा. जेल हजारपट विरळ करून, अल्ट्रासाउंडने मोकळं करून, युरॅनिल अ‍ॅसिटेटचा रंग देऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहायला हवं. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखी गुंतवळ दिसते. एकेका तंतूची रुंदी मोजता येते. लांबीची टोकं मात्र गुंत्यात हरवतात. अशा वेळी लांबीचा खोटा नेमकेपणा दाखवण्यापेक्षा ‘१ मायक्रोमीटरपेक्षा जास्त’ असं लिहिणं योग्य.

अन्नात मिसळल्यावर पंचाईत वाढते. टायटॅनियम डायऑक्साइडसारखा पदार्थ धातूवरून ओळखता येतो. सेल्युलोज म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि सॅलडच्या प्रत्येक पानात तेच सेल्युलोज भरलेलं. म्हणून ओळख तीन टप्प्यांवर पटवायची: मूळ जेल, भाजीशिवायचं ड्रेसिंग आणि पचनद्रवातून गेलेला नमुना.

पचनाच्या नळीत काय होतं

प्रयोगशाळेतल्या नकली पचनाच्या प्रमाणित इन्फोजेस्ट पद्धतीत नमुना तोंडाच्या टप्प्यात २ मिनिटं, जठराच्या टप्प्यात पीएच ३ वर २ तास आणि लहान आतड्याच्या टप्प्यात पीएच ७ वर २ तास ठेवतात. टेम्पो-ऑक्सिडाइज्ड नमुना जठराच्या टप्प्यात गेला की आम्लामुळे कार्बोक्झिल गटांचा भार उतरतो, तंतूंमधलं ढकलणं थांबतं आणि द्रवात पुंजके दिसू लागतात. आतड्याच्या टप्प्यात पीएच वर गेला की पुंजके काही प्रमाणात सुटतात, पण तिथलं कॅल्शियम कार्बोक्झिल गटांना पुलासारखं जोडून धरतं. दाबाने उकललेल्या फायब्रिलवर मुळातच भार कमी, त्यामुळे पीएचपेक्षा क्षारांचा परिणाम त्याच्यावर जास्त. म्हणजे आतड्याच्या अस्तराला जे भिडतं ते बरणीतलं जेल नसतं. पेशींवर ताजं जेल ओतून केलेल्या चाचण्या म्हणूनच कमी उपयोगाच्या. आधी पचन, मग पेशी, हा क्रम सोडू नये.

एफ्साच्या नॅनो-मार्गदर्शिकेत एक चाळणी आहे: आतड्याच्या नकली द्रवात ३० मिनिटांनी मूळ कणांपैकी १२ टक्के किंवा त्याहून कमी उरले, तर पुढच्या नॅनो-चाचण्या बऱ्याच कमी होतात. सेल्युलोज इथे अडकणारच. ते पचतच नाही. पूर्ण रस्ता चालावा लागतो.

जनुकांवरच्या परिणामांसाठी मसुद्यात बॅक्टेरियांवर करायची एम्स चाचणी लावली होती आणि ‘नकारात्मक’ निकाल ठळक छापला होता. बॅक्टेरिया असे कण आत घेतच नाहीत, त्यामुळे या निकालाचा आधार घेता येत नाही. सस्तन पेशींमधली, गुणसूत्रांची मोडतोड पकडणारी मायक्रोन्यूक्लियस चाचणी आणि जनुक-उत्परिवर्तन चाचणी हवी, आणि कण पेशीत शिरले की नाही याचा पुरावाही सोबत हवा.

पेशी आणि उंदरांमधून काय कळलं

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायब्रिल आणि क्रिस्टल दोन्ही नकली पचनातून काढून आतड्याच्या तीन प्रकारच्या पेशींच्या मिश्र थरावर टाकले. अन्नातलं प्रमाण ०.७५ आणि १.५ टक्के होतं. विषारीपणा फारसा दिसला नाही. ५० नॅनोमीटर रुंदीच्या फायब्रिलला १.५ टक्क्यांवर ऑक्सिडेटिव्ह ताण सुमारे १० टक्क्यांनी वाढला. मोठ्या उंदरांना पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, १ टक्का फायब्रिल दिलं तेव्हा रक्ताच्या चाचण्यांत आणि ऊतींत लक्षणीय बिघाड आढळला नाही.

या प्रकरणाला त्याहून वजनदार आधार २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरच्या ९० दिवसांच्या अभ्यासाचा आहे. त्यात खाद्यात २, ३ आणि ४ टक्के फायब्रिलेटेड सेल्युलोज होतं, आणि तुलनेला साधं सेल्युलोज खाणारे गट होते. सर्वांत वरच्या मात्रेलाही हानिकारक परिणाम आढळला नाही. ती मात्रा नरांमध्ये दिवसाला शरीराच्या किलोमागे सुमारे २१९४ मिलिग्रॅम, माद्यांमध्ये २६६७ मिलिग्रॅम.

आता माणसाचा हिशेब. ड्रेसिंगच्या ३० ग्रॅमच्या वाढणीत २४० मिलिग्रॅम सेल्युलोज. रोज दोन वाढण्या खाणारा ६० किलोचा माणूस ४८० मिलिग्रॅम घेतो, म्हणजे किलोमागे ८ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाने १५ ग्रॅम ड्रेसिंग खाल्लं तरी आकडा तोच येतो. उंदरांच्या सुरक्षित मात्रेला सुरक्षिततेसाठी नेहमी वापरतात त्या १०० ने भागलं तर २२ मिलिग्रॅम मिळतात. ९० दिवसांवरून आयुष्यभराकडे जायचं म्हणून आणखी २ ने भागलं तर ११. आठ त्यात बसतात, पण सढळ जागा उरत नाही.

उत्पादकाच्या फाइलच्या शेवटच्या पानावर ‘भविष्यातील विस्तार’ म्हणून ब्रेड, आइस्क्रीम, सॉस आणि पेय अशी यादी होती. ड्रेसिंग धरून पाचही पदार्थ मिळून दिवसाला ३ ग्रॅम धरले तर किलोमागे ५० मिलिग्रॅम होतात आणि उंदरांच्या सुरक्षित मात्रेशी गुणोत्तर ४४ वर उतरतं. शोषला न जाणाऱ्या तंतूला शंभरचा भाजक फार कडक आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि त्यात तथ्य आहे. मग शोषण होत नाही हे त्याच पदार्थात दाखवायला हवं. ते फाइलमध्ये नव्हतं.

स्वतःची ९० दिवसांची चाचणी करायची ठरवली तर एक अडचण आधीच सोडवावी लागते. नळीने पोटात घालायचं तर २ टक्क्यांचं जेल किलोमागे १० मिलिलिटर दिलं तरी मात्रा २०० मिलिग्रॅमच होते. शिवाय घट्ट जेल नळीत अडकतं, आणि थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाची सूज चाचणीत ‘परिणाम’ म्हणून मोजली जाते. खाद्यात मिसळायचं तर गोळ्या वाळवाव्या लागतात, आणि वाळताना फायब्रिल एकमेकांना हायड्रोजन बंधांनी असे घट्ट चिकटतात की पुन्हा भिजवूनही पूर्ण सुटत नाहीत. तेव्हा चाचणी नॅनोसेल्युलोजची म्हणून सुरू होते आणि उंदीर साधं सेल्युलोज खातात. खाद्य ओलसर ठेवावं, आणि तयार खाद्यातून तंतू परत काढून मायक्रोस्कोपखाली त्यांची रुंदी दाखवावी. हे न केलेल्या चाचणीवर आम्ही भरवसा ठेवणार नाही.

खरी काळजी: जेवणातल्या चरबीचं काय होतं

या विषयात पहिला प्रश्न नेहमी एकच येतो: हे कण रक्तात जातात का? लांब, गुंतलेले, श्लेष्म्यात अडकणारे तंतू आतड्याची भिंत ओलांडतील ही शक्यता कमी आहे. त्या प्रश्नावर सगळी ताकद खर्च झाली आणि दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: आतड्याच्या पोकळीतच राहून हे तंतू बाकीच्या अन्नाला काय करतात?

२०१८ मध्ये याचं उत्तर आकड्यांत आलं. चरबीयुक्त नमुना अन्नात ०.७५ टक्के फायब्रिल मिसळल्यावर नकली पचनात मोकळी होणारी मेदाम्लं सुमारे ४८ टक्क्यांनी घटली. उंदरांना १ टक्का फायब्रिल घातलेलं घट्ट क्रीम दिल्यावर जेवणानंतरची रक्तातली ट्रायग्लिसराइड्सची वाढ ३६ टक्क्यांनी कमी राहिली. कारणं दोन: तेलाचे थेंब तंतूंवर एकत्र येऊन मोठे होतात आणि चरबी पचवणाऱ्या लायपेज या एन्झाइमला काम करायला पृष्ठभाग कमी मिळतो, आणि पित्तक्षार तंतूंना चिकटून बसतात.

आपल्या ड्रेसिंगमध्ये प्रमाण ०.८ टक्के आहे. म्हणजे ज्या प्रमाणाला चरबीचं पचन घटलं, जवळपास तेच. आणि इथे किलोमागे मिलिग्रॅमचा सगळा हिशेब अपुरा पडतो, कारण हा परिणाम शरीराच्या वजनावर अवलंबून नाही. तो त्या क्षणी आतड्यात तंतू किती आणि तेल किती यावर ठरतो. जेवणातले बाकीचे पदार्थ आणि पाचकरस ते प्रमाण विरळ करतात हे खरं, पण किती विरळ करतात हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

विक्री विभागाला ही जाहिरातीची ओळ वाटली. ड्रेसिंग कशासोबत खातात ते आठवावं. पालक, गाजर, टोमॅटो यांतली कॅरोटिनॉइड्स शोषली जायला तेल लागतं. आपण तेल आधीच निम्मं केलं आहे. उरलेल्या तेलाचं पचन मंदावलं तर सॅलडमधलं बीटा-कॅरोटीन तसंच पुढे जाईल, आणि त्याच वाटेने जीवनसत्त्व अ, ड, ई आणि के. ज्यांचं पित्त किंवा स्वादुपिंडाचा रस मुळातच कमी पडतो त्यांना, आणि जेवणासोबत तेलात विरघळणारी औषधं घेणाऱ्यांना, हा फरक सोसवेलच असं गृहीत धरता येत नाही.

तपासणी अवघड नाही, पण तुलना नीट मांडावी लागते. तीन ड्रेसिंग घ्यावीत: ५० टक्के तेलाचं, २५ टक्के तेल आणि झँथनचं, २५ टक्के तेल आणि फायब्रिलचं. दुसरं विसरलं तर सगळा प्रयोग फुकट, कारण कुठलाही दाट पदार्थ लायपेजला थोडं मंद करतोच; आपल्याला फायब्रिलचा वेगळा हिस्सा हवा आहे. पीएच ७ वर धरून ठेवण्यासाठी किती सोडियम हायड्रॉक्साइड लागतं त्यावरून दोन तासांची मेदाम्लं मोजावीत, आणि तेल नसलेला कोरा नमुनाही चालवून तो आकडा वजा करावा. किसलेलं गाजर घालून तोच प्रयोग पुन्हा करावा, सेंट्रिफ्यूजनंतरचा मधला स्वच्छ थर ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळावा आणि त्यात उतरलेलं बीटा-कॅरोटीन मोजावं.

आतड्यातल्या बॅक्टेरियांचंही पाहावं लागेल. उंदरांवरच्या २०२० च्या आणखी एका अभ्यासात फायब्रिलमुळे बॅक्टेरियांची रचना बदलली आणि लघुशृंखल मेदाम्लं बनवणाऱ्या काही प्रजाती घटल्या. त्यावरून माणसाला अपाय होईल असं म्हणता येत नाही, पण ‘आलं तसं बाहेर जातं’ हे वाक्य फाइलमधून काढायला तेवढं पुरेसं आहे.

जेलच्या पाण्यातून येणारं

आता त्या ३९.२ किलो पाण्याकडे. ९८ टक्के पाण्याचं जेल बॅक्टेरियांना मानवतं, म्हणून औद्योगिक प्रतीच्या जेलमध्ये कधीकधी आयसोथायझोलिनोनसारखं जंतुनाशक घातलेलं असतं. जेलमध्ये ते किलोमागे ५० मिलिग्रॅम असेल तर आपल्या ड्रेसिंगमध्ये किलोमागे २० मिलिग्रॅम उतरतं. अन्नात त्याला शून्य जागा आहे. पुरवठादाराकडून अन्न-प्रतीचं, परिरक्षकाविना, थंड साखळीतलं जेल लेखी अटीवर घ्यावं. गोठू देऊ नये, गोठलं की रचना मोडते. टेम्पो प्रकारात उत्प्रेरकाचा उरलेला अंशही मोजावा लागतो.

पेशींच्या चाचणीत सूज दिसली तर दोष सेल्युलोजला देण्याआधी एंडोटॉक्सिन, म्हणजे बॅक्टेरियांच्या कवचातून येणारं विष, पाहावं. इथेही एक सापळा आहे: हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींवर आधारलेली नेहमीची एलएएल चाचणी सेल्युलोजसोबत येणाऱ्या ग्लुकॅनलाही प्रतिसाद देते आणि खोटा सकारात्मक निकाल येतो. ग्लुकॅन रोखणारा बफर किंवा पुनःसंयोजित फॅक्टर सी चाचणी वापरावी.

कारखान्यात कोरडी पावडर टाळावी, जेलच आणावं. खाल्लेलं आणि श्वासात गेलेलं सेल्युलोज यांचा हिशेब वेगळा. उंदरांच्या फुप्फुसात नॅनोक्रिस्टलने सूज आल्याचे प्रयोग आहेत. सेल्युलोज धुळीसाठी अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेची शिफारस श्वसनीय भागाला ५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशी आहे, पण ती नॅनोतंतूंसाठी ठरवलेली नाही.

निर्णय

टेम्पो-ऑक्सिडाइज्ड जेल नाकारलं. त्याला स्वतंत्र फाइल लागेल. दाबाने उकललेल्या फायब्रिलसाठी, फक्त ड्रेसिंगपुरता आणि ०.८ टक्क्यांच्या मर्यादेत, ‘सेल्युलोज (नॅनो)’ या लेबलसह नव्या नोंदीचा अर्ज पुढे न्यायचा. अर्जाआधी दोन कामं पूर्ण व्हायला हवीत: मायक्रोन्यूक्लियस आणि उत्परिवर्तनाच्या चाचण्या, आणि तीन ड्रेसिंगांची चरबी-पचनाची तुलना. झँथनच्या तुलनेत बीटा-कॅरोटीन लक्षणीय कमी उतरलं तर मात्रा ०.४ टक्क्यांवर आणून उरलेला दाटपणा झँथनने भरायचा आणि तुलना पुन्हा करायची. बाकीच्या चार पदार्थांचा विस्तार थांबवला. तो उघडण्याआधी माणसांवर दोन गटांची अदलाबदल करून जेवणानंतर ०, २, ४ आणि ६ तासांनी ट्रायग्लिसराइड्स आणि कॅरोटिनॉइड्स मोजावी लागतील.

विनिर्देशात शेवटी एक ओळ घातली आहे: पुरवठादार, लगद्याचं लाकूड, होमोजिनायझरचा दाब किंवा फेऱ्यांची संख्या यांपैकी काहीही बदललं की तंतूंची रुंदी, पृष्ठभागाचा भार आणि पचनानंतरचं रूप पुन्हा मोजल्याशिवाय बॅच सोडायची नाही.